निम्म्या भावातला आय९ घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात : जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फोटो-व्हिडिओ स्टुडिओ चालवणाऱ्या वाचकाचं हे पत्र आहे. लग्नाचं शूटिंग, अल्बम, टीझर, सगळं एडिटिंग ते स्वतःच प्रीमियर प्रो आणि फोटोशॉपवर करतात. कॉम्प्युटर २०१९चा : इंटेल कोअर आय५-९४००एफ, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६५० कार्ड. गेल्या वर्षी त्यांनी सोनीचा नवा कॅमेरा घेतला. त्यावर ४के, १० बिट, ४:२:२ शूट करतात, आणि तेव्हापासून प्रीमियरमधली टाइमलाइन (क्लिप मांडून कापायची पट्टी) अडखळते. पुण्यातला एक बंद पडलेला गेमिंग कॅफे सामान विकतोय. तिथला कोअर आय९-१४९००के बोर्डासकट नव्याच्या निम्म्या भावात मिळतोय. पाच हजार इसार देऊन झालाय, बाकीच्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढायचा विचार आहे. बिल नाही, खोका नाही. विकणारा "आठवड्यात सांगा" अशी घाई करतोय. त्याचं म्हणणं, "बायोस (बोर्डावरचा, मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) अपडेट केलाय, आता काही होत नाही. आणि रेंडरिंगला कधी वापरलाच नाही, गेम सोडून बाकी वेळ रिकामाच पडून असायचा." थोरला भाऊ म्हणतो, चालतंय ते चालू दे, कर्ज कशाला? "एकदाच मोठा प्रोसेसर घेतला की पाच-सहा वर्षं बघायला नको, हे माझं चुकतंय का?" असं वाचक विचारतात.

उत्तर :

नमस्कार. तुमच्या पत्रात प्रोसेसरबद्दल दोन पानं आहेत आणि दुखण्याबद्दल एकच ओळ. मी त्या ओळीपासून सुरुवात करतो. "कॅमेरा बदलला तेव्हापासून" टाइमलाइन अडते, असं तुम्ही लिहिलंय. त्याआधी हाच आय५ तुमच्या दोन-तीन कॅमेऱ्यांचं फुटेज बिनतक्रार ओढत होता, याच प्रीमियरमध्ये. एका लग्नसराईत प्रोसेसर म्हातारा होत नाही. बदललं ते फुटेज.

१० बिट ४:२:२ म्हणजे नेहमीच्या ४:२:०च्या दुप्पट रंगमाहिती, तीही जास्त बारकाव्याने साठवलेली. हळदीच्या मांडवात पिवळ्यावर पिवळं असतं, रात्री वरातीत एलईडीचे भडक दिवे असतात, तिथे कलर करेक्शन करताना याचा खरा उपयोग होतो, म्हणून तुम्ही ते निवडलंत हे बरोबरच आहे. पण हे फुटेज कार्डावर दाबून बसवलेलं असतं आणि टाइमलाइनवर प्रत्येक फ्रेम उलगडून घ्यावी लागते. ते काम झटपट करणारा वेगळा तुकडा प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात असतो. इंटेलच्या चिपमधल्या या सोयीला क्विक सिंक म्हणतात. आता तुमचं मशीन बघा. ९४००एफ मधला ‘एफ’ सांगतो की या चिपमध्ये आतलं ग्राफिक्स वापरताच येत नाही, म्हणजे क्विक सिंक नाही. जीटीएक्स १६५०ला साधं ४:२:० उलगडता येतं, ४:२:२ येत नाही. मग सगळा भार पडतो सहा कोअर, सहा थ्रेडवर (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, थ्रेड म्हणजे त्यांवर एका वेळी चालणारी कामं). मल्टिकॅममध्ये, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र लावताना, असे तीन थर एकमेकांवर आले की त्या बिचाऱ्याने काय करावं?

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, पाच मिनिटांत स्वतः बघता येईल. प्रीमियरमध्ये नव्या कॅमेऱ्याचं फुटेज प्ले करा आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर गेलात की ‘व्हिडिओ डीकोड’ नावाचा आलेख दिसतो. सीपीयू शंभराला टेकलाय आणि व्हिडिओ डीकोड शून्यावर पडून आहे, असं दिसलं तर निदान पक्कं. मग जुन्या कॅमेऱ्याचं फुटेज लावा, तो आलेख हलताना दिसेल. हे इतर वाचकांनीही करून पाहावं. मशीन ‘स्लो’ झालं म्हणून प्रोसेसर बदलणाऱ्या किती जणांचं खरं दुखणं रॅम भरल्याचं असतं, किंवा सगळं फुटेज एकाच जुन्या हार्ड डिस्कवर कोंबल्याचं असतं, ते असे चार आलेख बघितले की कळतं.

आता त्या आय९कडे वळू. आधी त्याची बाजू घेतो, कारण ती भक्कम आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेली ही चिप. आठ मोठे कोअर, सोळा छोटे, मिळून २४ कोअर आणि ३२ थ्रेड. एका-दोन कोअरवर ६ गिगाहर्ट्झपर्यंतचा वेग. फोटोशॉपची बरीचशी कामं एकाच कोअरवर चालतात, तिथे हा वेग जाणवतो. हलतं फुटेज स्थिर करणाऱ्या वार्प स्टॅबिलायझरसारख्या कामाला जास्तीचे कोअर उपयोगी पडतात. आणि तुमच्या दुखण्यावरचं नेमकं औषध त्याच्यात आहे. त्याचं आतलं ग्राफिक्स, यूएचडी ७७०, एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) मधलं १० बिट ४:२:२ उलगडतं. त्याच काळातलं आरटीएक्स ४०९० हे महागडं कार्डसुद्धा ते करू शकत नाही. तेव्हा तुमचं मन त्या चिपवर बसलं यात वावगं काही नाही.

पण हे औषध फक्त आय९च्याच बाटलीत मिळतं, असं तुम्ही गृहीत धरलंय. यूएचडी ७७० हेच ग्राफिक्स इंटेलच्या बाराव्या पिढीच्या आय५-१२५०० मध्ये आहे, आय५-१३५०० आणि आय५-१४५०० मध्येही आहे. उलगडणारा तुकडा तोच. आय९साठी तुम्ही जे जास्तीचे पैसे मोजता ते कोअरचे आणि गिगाहर्ट्झचे, अडखळणारी टाइमलाइन सरळ करण्याचे नाहीत.

आणि त्या गिगाहर्ट्झचीच एक किंमत इंटेलच्या गिऱ्हाइकांनी मोजली आहे. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या चिप, त्यातही आय९, २०२४च्या सुरुवातीपासून जगभर कोसळायला लागल्या. गेम मधेच बंद पडायचे आणि पडद्यावर ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश यायचा, त्यामुळे लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसले. झिप फाइल उलगडताना चुका यायच्या, एनव्हिडियाचा ड्रायव्हर इन्स्टॉल होता होता थांबायचा. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की चिपमधला मायक्रोकोडच (चिपला आतून चालवणारा मूळ प्रोग्रॅम) चुकीचा, जास्तीचा व्होल्टेज मागतोय. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, सप्टेंबरमध्ये आणखी एक, आणि त्याच वेळी पूर्ण कारणही सांगितलं गेलं : जास्त व्होल्टेज आणि तापमानामुळे कोअरमधल्या घड्याळाच्या सर्किटची झीज होते आणि चिपला स्थिर चालायला पूर्वीपेक्षा जास्त व्होल्टेज लागू लागतो.

ही दुरुस्ती बायोस अपडेटमधून येते आणि पुढची झीज रोखण्यासाठी आहे. झालेली झीज ती भरून काढत नाही. गॅस बंद केला म्हणून उतू गेलेलं दूध पातेल्यात परत येत नाही. म्हणून विकणारा "बायोस अपडेट केलाय" म्हणतो तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारा : कधी केला? चिप २०२३च्या शेवटी घेतली आणि बायोस २०२५ मध्ये बदलला असेल, तर मधलं वर्षभर ती कशा व्होल्टेजवर धावली हे कोणालाच सांगता येणार नाही, त्यालाही नाही.

"रेंडरिंगला वापरलाच नाही" हा त्याचा दुसरा दिलासा तर अगदीच उलटा आहे. आपल्याला वाटतं, चिप झिजते ती दिवसरात्र रेंडर करून. पण इंटेलने जी कारणं दिली त्यांत एक असं होतं की मशीन रिकामं असताना किंवा हलकं काम करत असतानाही जादा व्होल्टेज मागितला जात होता. त्याचं असं आहे की सगळे कोअर कामाला लागले की वेग आणि व्होल्टेज दोन्ही खाली येतात. एखाद-दुसरा कोअर ६ गिगाहर्ट्झकडे झेपावतो तेव्हाच सर्वांत जास्त व्होल्टेज लागतो. गेमिंग कॅफेत सकाळी अकरापासून रात्रीपर्यंत चालू ठेवलेलं, मधूनमधून खेळलं जाणारं मशीन. या विशिष्ट चिपच्या बाबतीत मी तरी याला ‘कमी वापरलेलं’ म्हणणार नाही. विकणारा खोटं बोलतोय असंही मला म्हणायचं नाही. त्याला बहुधा हे माहीतच नसेल.

तुम्ही म्हणाल, पुण्याला जाऊन तासभर टेस्ट करून घेतो. जरूर करता येईल. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं सिनेबेंच फिरवा, सेव्हन-झिपची चाचणी लावा, इंटेलचं स्वतःचं तपासणीचं सॉफ्टवेअर आहे तेही चालवा. बिघडलेली चिप त्यात सापडू शकते. अर्धवट झिजलेली मात्र त्या दिवशी पास होईल आणि मे महिन्यात, तीन लग्नांची डिलिव्हरी अंगावर असताना, एक्स्पोर्टच्या शेवटच्या टप्प्यावर गचका देईल.

अशा वेळी आधार असतो वॉरंटीचा. इंटेलने खोक्यातून विकलेल्या या चिपची वॉरंटी तीनची पाच वर्षं केली, हे कंपनीने बरं केलं. ट्रेमधून, म्हणजे सुट्या विकल्या गेलेल्या चिपसाठी ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडेच जावं लागतं. तुमच्या सौद्यात बिलही नाही, खोकाही नाही आणि ज्याच्याकडून घेणार तो धंदा बंद करतोय. वॉरंटी मागायची कोणाकडे आणि कशाच्या जोरावर? निम्मा भाव पडलाय तो याच कारणाने.

उष्णतेचा मुद्दा तुमच्या पत्रात नाही, पण जळगावकडच्या माणसाने तो सोडून चालणार नाही. आय९-१४९००केची विजेची वरची मर्यादा २५३ वॅट आहे, आणि इंटेलने सक्तीचं पाऊल उचलेपर्यंत बऱ्याच बोर्डांवर तीही सैल सोडलेली असायची. एवढी उष्णता काढायला ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर बसवतात. तुमच्या सौद्यात कूलर नाही, म्हणजे तो वेगळा आला. खोलीचं तापमान जेवढं वाढेल जवळजवळ तेवढंच चिपचं वाढतं. शंभर अंशांना चिप स्वतःच वेग कमी करते. बाहेर पारा ४५च्या घरात आणि स्टुडिओत नुसता पंखा, अशा दुपारी ज्या गिगाहर्ट्झसाठी पैसे मोजले ते मिळणारच नाहीत. शिवाय २५३ वॅट या चिपचे, ७५ कार्डाचे, वर बोर्ड, डिस्क, मॉनिटर : तुमचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. लाइट गेली की तोही माघार घेईल. म्हणजे मोठा यूपीएस आला, कदाचित मोठा एसएमपीएसही (मशीनला वीज पुरवणारा डबा) आला. निम्म्या भावात हे सगळं धरलंय का?

हाच आय९ नवा, खोक्यातला, बिलासकट, ताज्या बायोसच्या बोर्डावर असता तर माझा सूर वेगळा असता. बायोसमध्ये त्याची मर्यादा १२५ वॅटवर आणली तर वीज निम्मी होते, पण रेंडरचा वेग निम्मा होत नाही, त्याहून बराच कमी घसरतो. चार एडिटर बसवणाऱ्या, एसी असलेल्या स्टुडिओला मी असा विचार करायला सांगेनही.

"मोठं घेतलं की पाच-सहा वर्षं बघायला नको" याबद्दल दोन शब्द. २०१९ मध्ये तुम्ही घेतलेला ९४००एफ तेव्हा मोठ्यातला नव्हता, मधला होता. तो इतकी वर्षं चालला. अडला तो ताकद कमी पडली म्हणून नव्हे, एक सोय त्याच्यात नव्हती म्हणून. तुम्हाला पुढच्या पाच वर्षांसाठीही सर्वांत मोठी चिप लागणार नाही, तुमच्या फुटेजला ओळखणारी लागेल.

मग काय करावं? सगळ्यात आधी कॅमेऱ्याचा मेनू उघडा. सोनीच्या दोन फॉरमॅटपैकी तुमचं फुटेज एक्सएव्हीसी एचएस आहे की एक्सएव्हीसी एस, ते बघा. एचएस म्हणजे एच.२६५, इंटेलच्या वर सांगितलेल्या चिप उलगडतात ते. एस म्हणजे एच.२६४, आणि त्यातलं १० बिट ४:२:२ बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या क्विक सिंकलाही जमत नाही, आय९लाही नाही! एसवर शूट करत राहिलात तर दीड लाखाचं मशीन आणूनही टाइमलाइनचा भार पुन्हा कोअरवरच. ही एक सेटिंग पत्रात असती तर माझं निम्मं उत्तर वाचलं असतं.

फुकटातला उपाय प्रॉक्सीचा. रात्री झोपताना प्रीमियरला फुटेजच्या हलक्या प्रती बनवायला लावा, दिवसा त्यांवर कापाकापी करा, एक्स्पोर्ट मूळ फुटेजमधून होईल. डिस्कवर जागा जाते आणि घाईच्या टीझरला हे सोयीचं नाही, पण या आठवड्यापासून सुरू करता येतं. तसंच भाषणं, पंगत, आहेर असं ज्याचं फारसं कलर करायचं नसतं ते ४:२:० मध्ये घ्या. तुमचं जीटीएक्स १६५० तेवढं आनंदाने ओढेल.

पैसे खर्च करायचेच तर माझी पसंती आय५-१४५००ला. सहा मोठे कोअर, आठ छोटे, २० थ्रेड. मूळ मर्यादा ६५ वॅट, भर कामात १५४. चांगला एअर कूलर पुरतो. नाव चौदाव्या पिढीचं असलं तरी आतली घडण बाराव्या पिढीची आहे, आणि इंटेलने वॉरंटी वाढवून दिलेल्या त्रस्त चिपच्या यादीत ती नाही. डीडीआर४वाला बी७६० बोर्ड घेतलात तर तुमची जुनी रॅम त्यावर चालेल, पुढे अजून १६ जीबी वाढवा. कमतरता सांगायची तर या सॉकेटचा (बोर्डावर चिप बसते त्या जागेचा) रस्ता इथेच संपतो, चौदाव्यानंतरची पिढी दुसऱ्या सॉकेटवर गेली. पण २०१९पासून तुम्ही बोर्डावरची चिप एकदाही बदलली नाहीत, तेव्हा या कमतरतेला फार घाबरू नका. बसवल्यावर बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स चालू आहे ना ते तपासा, कारण कार्ड लावलं की काही बोर्ड ते आपणहून बंद करतात. आणि प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखाली इंटेलच्या हार्डवेअर डीकोडिंगवर खूण करा. हे न केल्यामुळे नवं मशीन जुन्यासारखंच अडखळताना मी अनेकांचं पाहिलंय.

एसचं जुनं फुटेज ढीगभर पडलं असेल किंवा कॅमेरा एचएसवर नेणं शक्य नसेल, तर वाट कार्डाची. २०२५ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेला एच.२६४ आणि एच.२६५, दोन्हींतलं ४:२:२ उलगडता येतं. प्रीमियर नवं हवं, एसएमपीएसची ताकद तपासायला हवी. हे कार्ड आत्ताच्या मशीनमध्ये बसेल आणि पुढे नव्यातही जाईल. एएमडीचे रायझन ९ घ्यायचे म्हटलं तरी अशा कार्डाची जोड लागेल. सोळा कोअरपर्यंत येणारी ती चिप दमदार आहे, एएम५ सॉकेटला २०२७ आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीने सांगितलंय, पण तिच्या आतल्या ग्राफिक्सला ४:२:२ जमत नाही. इंटेलचा चौदाव्या पिढीनंतरचा कोअर अल्ट्रा ७ २६५के या व्होल्टेजच्या भानगडीतून मुक्त आहे आणि एडिटिंगला उत्तम आहे, फक्त त्याला आणि रायझनला डीडीआर५ रॅम नव्याने घ्यावी लागेल. तुमच्या आकड्यात ते बसणार नाही, कर्ज वाढेल.

कर्जावरून आठवलं. दादांचं निम्मं बरोबर आहे. जुन्या, बिलाविना घेतलेल्या वस्तूसाठी पतसंस्थेचं व्याज भरू नये. पण "चालतंय ते चालू दे" हे त्यांनी टाइमलाइनसमोर न बसता म्हटलंय. पुढच्या दोन कामांना एक कागद शेजारी ठेवा आणि एडिटिंगचे किती तास नुसते थांबण्यात गेले ते टिपा. एका लग्नामागे सहा-सात तास निघाले तर तो कागद त्यांच्यापुढे ठेवा. माझ्यापेक्षा त्यांना तो लवकर पटेल.

इसाराचे पाच हजार फोन करून परत मागा, बिल नाही हे कारण पुरेसं आहे. नाही दिले तर नाही. पाच हजार वाचवायला पुढचे साठ-सत्तर हजार घालू नका. "आठवड्यात सांगा" ही घाई त्याची आहे. तुमच्या मोठ्या तारखा तुळशीच्या लग्नानंतरच्या, तोवर प्रॉक्सीवर काम निघतं.

ज्या वाचकांकडे तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय९, आय७ किंवा आय५-१३६००के, १४६००के आधीच आहे त्यांच्यासाठी : बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून ताजा बायोस घ्या, त्यात ‘इंटेल डीफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा. विनाकारण बंद पडणं, झिपमध्ये चुका, एक्स्पोर्ट अर्धवट तुटणं असं काही होत असेल तर विंडोज पुन्हापुन्हा टाकत बसू नका, वॉरंटीचा दावा करा. पाच वर्षं खरेदीच्या तारखेपासून मोजली जातात, म्हणून बिल हरवलं असेल तर दुकानदाराकडून त्याची नक्कल आजच मागून घ्या.